एकाच हाताच्या चाळीस सह्या

तिला स्वस्थ बसता येतच नसे. खुर्चीत बसली तर पाय हलायचा, उभी राहिली तर बोटं चालायची. आणि बोटं तरी कशी, तर उजव्या हाताचा अंगठा पहिल्या बोटाला जुळवून मांडीवर, टेबलाच्या कडेवर, भाजी निवडताना ताटाच्या काठावर सारखं आपलं काहीतरी गिरवणं चाललेलं. घरात धाकटी नणंद होती, तोंडाने फटकळ. ती म्हणायची, "वहिनी, हाताला मुंग्या डसल्यात का गं?" नवरा चौकात बसून कुलपांच्या किल्ल्या बनवून द्यायचा, तो कमी बोलणारा. तो नुसता तिचा हात उचलून बाजूला ठेवायचा. हात दोन मिनिटं गप्प बसायचा आणि पुन्हा सुरू.

गिरवत असायची ती लोकांच्या सह्या. कंपनीत तिला नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांची ती सहीताई.

आता ही काय भानगड, ते आधी सांगायला हवं. गोळ्या-औषधांची ती मोठी कंपनी, दोन-चार हजार माणसांची. त्यातल्या पॅकिंगच्या एका खोलीत चाळीस जण काम करायचे. त्या खोलीत धुळीचा कण चालत नसे. अंगात पांढरा झगा, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे, एवढा सगळा जामानिमा केल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. हे कपडे देणं-घेणं हे सहीताईचं काम. तिची खोली पॅकिंगच्या अलीकडची. एक लांब बाक, लोखंडी कपाट, हात धुवायचं बेसिन, आणि भिंतीलगतच्या टेबलावर हजेरीचं रजिस्टर.

घोळ सगळा तिथेच होता. मोजे एकदा चढवले की काढायचे नाहीत. काढले तर पुन्हा हात धुवा, पुन्हा नवे मोजे घ्या, पुन्हा निरीक्षकासमोर हात पुढे करून उभे राहा. आणि घंटा झाली की मशीन सुरू व्हायलाच हवं. चाळीस माणसं, एक रजिस्टर, दोरीला बांधलेलं एकच पेन. नियम करणाऱ्याने स्वतः कधी घाईत मोजे चढवले असतील असं काही वाटत नाही. मग एकदा कुणीतरी आत शिरता शिरता ओरडलं, "ताई, माझी तेवढी मार ना!" तिने मारली. दुसऱ्या दिवशी तिघांनी सांगितलं. वर्षभरात चाळीसच्या चाळीस जणांनी रजिस्टरकडे बघायचं सोडून दिलं. तेही आता एकोणीस वर्षांपूर्वीचं.

आणि बाई अशी तशी कामचलाऊ सही मारणारी नव्हती बरं का. प्रत्येकाची वेगळी. सीलिंग मशीनवरचा हळूभाऊ, ज्याला मोजे चढवायलाच पाच मिनिटं लागायची, त्याच्या सहीत दोन फुगीर वेटोळी आणि खाली एक गाठ. नणंद तिच्याच वशिल्याने तिथे लागलेली. तिची सही म्हणजे शेवटी असा फटकारा की कागद फाटावा. सहीताई दोन पेनं ठेवायची, निळं आणि काळं. सगळ्या सह्या एकाच शाईत कशा दिसतील? काही जणांना निळं, काहींना काळं, आणि कुणाला कुठलं ते कधी चुकायचं नाही. सुपरवायझरला सगळं ठाऊक होतं, पण मशीन वेळेवर सुरू होत होतं, मग त्याने कानाडोळा केला. शाळेत असताना तिने वडिलांची सही प्रगतिपुस्तकावर केली होती आणि पकडली गेली होती, कारण वडिलांची सही कधीच इतकी वळणदार येत नसे. त्यानंतर तिला कुणी पकडलं नाही. खरं सांगायचं तर तिला या गोष्टीचा अभिमान होता. शिक्षण बेताचं, पगार बेताचा, पण ही एक गोष्ट अशी होती की ती तिच्यासारखी कुणालाच येत नव्हती.

एका सोमवारी सकाळी फाटकावर कागद लागला. कंपनीतून अकराशे माणसं कमी करणार. पॅकिंगचा हा विभाग आठवड्याच्या शेवटी बंद. खाली एक ओळ होती, "संबंधित सर्व कामगारांना साठ दिवसांपूर्वीच लेखी सूचना देण्यात आलेली आहे."

"कुठली सूचना?" हळूभाऊने विचारलं. "मला तर कुणी काही दिलं नाही. तुला दिलं?"

कुणालाच दिलं नव्हतं. इतर विभागांत पत्रं पोचली होती, माणसं दोन महिने हवालदिल होऊन फिरत होती, हे यांनी बघितलं होतं. आपल्याकडे पत्रं आली नाहीत म्हणजे आपण वाचलो, अशी यांची समजूत. घ्या!

कामगार संघटनेची वकीलबाई तरुण होती, चष्मा डोक्यावर सरकवून बोलायची. तिने सगळ्यांना फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर गोळा केलं आणि समजावलं, "घाबरू नका. एवढी माणसं एकदम काढायची तर कायदा काय म्हणतो, ऐका. प्रत्येकाच्या हातात साठ दिवस आधी पत्र पडलं पाहिजे. हातात, फळ्यावर नाही. त्या साठ दिवसांत कंपनीने आपल्या प्रतिनिधींसमोर बसायचं, कुणाला ठेवता येईल, कुणाला दुसरीकडे घेता येईल ते बोलायचं. त्यांचं नवं युनिट उघडतंय, तिथे आधी तुम्हाला विचारावं लागेल. पत्रच दिलं नसेल तर ही कपात टिकत नाही. सगळं पहिल्यापासून करावं लागेल त्यांना."

"म्हणजे शनिवारी आम्ही बाहेर नाही?" नणंदेने विचारलं.

"पत्र मिळालं नसेल तर नाही."

"नाहीच मिळालं! शपथेवर सांगते!"

सगळ्यांच्या जिवात जीव आला. सहीताईनेही दोन चहा जास्तीचे सांगितले.

बुधवारी कामगार कार्यालयात पहिली बैठक झाली. लांब टेबल, एका बाजूला कंपनीचे साहेब, दुसऱ्या बाजूला वकीलबाई, मागे भिंतीला टेकून ही सगळी माणसं. मधोमध अधिकारी. पन्नाशीचा गृहस्थ, सर्दीने बेजार झालेला. साहेबांनी फायलीतून एक कागद काढला आणि टेबलावर सरकवला.

"पत्रं मिळाल्याची पोच. एक्केचाळीस नावं, एक्केचाळीस सह्या. तारीख बघा, बासष्ट दिवसांपूर्वीची."

सहीताई तिसऱ्या रांगेत होती. तिथून अक्षरं दिसत नव्हती, पण निळं-काळं दिसत होतं. निळं, निळं, काळं, निळं, काळं, काळं. तो क्रम तिच्याच हाताचा होता.

तो दिवस तिला लख्ख आठवला. गुरुवार होता. कार्यालयातून कागदांचा गठ्ठा आला होता, नेहमीसारखाच. चष्मे वापरण्याची सूचना समजली, सही करा. हात धुण्याची नवी पद्धत समजली, सही करा. जेवणाची वेळ पंधरा मिनिटं पुढे गेली, सही करा. महिन्याला असे दहा कागद यायचे, आणि मोजे घातलेली माणसं ते वाचायला थोडीच बाहेर येणार? गठ्ठ्यातला शेवटचा कागद होता, "वरील क्रमांकाचे पत्र मिळाले." पत्र बरोबर नव्हतंच. कुठलं पत्र, हे तिने विचारलं नाही. दोन पेनं घेतली आणि पंधरा मिनिटांत सगळ्या मारून मोकळी झाली.

"खोटं आहे हे!" मागून ओरडा झाला. "आम्ही सह्या केलेल्याच नाहीत!"

साहेब हसले. त्यांनी हजेरीचं रजिस्टरही आणलं होतं. "रोजच्या सह्या आहेत यांच्या. जुळवून पाहा."

अधिकाऱ्यांनी जुळवून पाहिल्या. जुळल्या. का नाही जुळणार? मग त्यांनी चार जणांना पुढे बोलावून कोऱ्या कागदावर सही करायला लावलं. त्यात हळूभाऊ होता. त्याने पेन धरलं, खूप वेळ विचार केला आणि काहीतरी किडेमुंग्या काढल्या.

"बघा, आता मुद्दाम वेगळ्या करतायत," साहेब म्हणाले.

अधिकाऱ्यांनी नाक पुसलं. "पोच आणि रजिस्टर जुळतंय. शुक्रवारी पुन्हा बसू. तोवर काही नवीन पुढे आलं नाही, तर सूचना दिली होती असंच मला धरावं लागेल."

आता बघा. त्या खोलीत चाळीस माणसं होती, आणि ती पोच कुणी भरली हे चाळिसांनाही त्याच क्षणी कळलं होतं. एकाने बोट दाखवलं असतं तर काम झालं असतं. "साहेब, सह्या हिने मारल्यात, रजिस्टरमध्येही हीच मारते." एवढं वाक्य. कुणीही ते बोललं नाही. जिना उतरतानाही नाही. फटकळ नणंद, जी भाजीत मीठ कमी पडलं तरी तास घेते, तीही बसमध्ये खिडकीबाहेर बघत राहिली. कारण सगळ्यांना हेही कळत होतं की दुसऱ्याच्या सह्या करणारी बाई म्हणून तिला कंपनी उभी कापेल.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या गप्प बसण्याने तिचा जीव नुसता कासावीस झाला. घरी आल्यावर तिने एक कपाट आवरलं, ते पुन्हा विस्कटलं, पुन्हा आवरलं. गॅसवर दूध ठेवलं आणि उतू घालवलं. पायऱ्यांवर जाऊन उभी राहिली, परत आली.

"बस ना जरा," नणंद म्हणाली.

"तू काही बोलत का नाहीस?" सहीताई एकदम तिच्यावर घसरली. "एरवी तोंडाचा पट्टा थांबत नाही, आणि आज दातखीळ बसलीय! बोल ना, वहिनी तू आम्हाला बुडवलंस म्हणून!"

"मीच सांगितलं होतं तुला, माझी मार म्हणून," नणंद म्हणाली. "रोज सांगत होते. आता कुठल्या तोंडाने बोलू?"

गुरुवारी ती एकटी वकीलबाईकडे गेली. आधी आडून आडून विचारलं, समजा असं असेल तर, समजा तसं असेल तर. वकीलबाईने चष्मा डोक्यावरून खाली ओढला आणि तिच्याकडे बघितलं. सहीताईचा हात टेबलाच्या कडेवर चालला होता.

"ताई, समजा नको. सरळ सांगा."

तिने सरळ सांगितलं. वकीलबाईने हातातलं पेन खाली ठेवलं.

"तुम्ही हे अधिकाऱ्यांपुढे सांगितलंत तर चाळीस जणांची सूचना रद्द होईल. ते सुटतील. पण एक्केचाळिसावी सही तुमची स्वतःची आहे. ती खरी आहे. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिलंय की पत्र मिळालं. म्हणजे साठ दिवस फक्त तुमचे भरले. वर दुसऱ्यांच्या सह्या केल्या म्हणून कंपनी तुम्हाला आजच्या आज काढू शकते. मी वेगळा दावा लावीन तुमच्यासाठी, जिवाचं रान करीन. पण शब्द नाही देत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर शनिवारी एक्केचाळीस जण बाहेर. तुम्हाला मात्र ठरलेलं सगळं मिळेल, डागाशिवाय."

"माझं नाव कुणी घेतलंच नाही," सहीताई म्हणाली. "चाळीस जण आहेत. एकानेही नाही."

संध्याकाळी ती नवऱ्याच्या दुकानाशी गेली. दुकान कसलं, एक टेबल, एक घासायचं यंत्र आणि खिळ्यांना टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. तिने सगळं सांगितलं. तो एक किल्ली घासत होता, ती पुरी करून त्याने फुंकर मारली.

"अहो, काहीतरी बोला."

"मी काय बोलू? मीही दुसऱ्यांच्याच किल्ल्या करतो. पण कुलूप कुणाचं, ते आधी विचारतो. तू विचारलं नाहीस. एवढंच झालं." मग तिचा पडलेला चेहरा बघून त्याने स्टूल पुढे सरकवलं. "तुझं आधीच ठरलंय. उगाच येरझाऱ्या घालतेस. बस."

ती बसली नाही. घरी चालत गेली आणि चालता चालता पर्सच्या पट्ट्यावर चाळीस सह्या गिरवून झाल्या.

शुक्रवारी अधिकाऱ्यांनी फाईल उघडायच्या आत ती उभी राहिली. "साहेब, त्या सह्या माझ्या आहेत. सगळ्या. आणि रजिस्टरातल्याही माझ्याच."

मागे एकदम गलका झाला. "खाली बस, ताई!" हळूभाऊ ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कशात तरी पहिला होता.

कंपनीचे साहेब म्हणाले, "या बाईंना पुढे केलंय. बाकीच्यांना वाचवायला एकीने अंगावर घ्यायचं, जुनी युक्ती आहे."

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे केला. "करून दाखवा."

"दोन पेनं लागतील. एक निळं, एक काळं."

तिने उभ्यानेच सुरुवात केली. पोच तिच्यासमोर नव्हती, रजिस्टर मिटलेलं होतं, नावंसुद्धा कुणी वाचून दाखवली नाहीत. रोजच्या क्रमाने, वरून खाली. निळं, निळं, काळं. खोलीत पेनाचा आवाज तेवढा येत होता. बाराव्या सहीला कंपनीच्या साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. विसाव्या सहीला ते हसायचे थांबले. हळूभाऊची दोन वेटोळी आली, खाली गाठ आली. नणंदेची आली, आणि शेवटच्या फटकाऱ्याला कागद खरोखरच थोडा फाटला. गंमत म्हणजे एवढ्या वेळात तिचा पाय हलला नव्हता. एकोणीस वर्षांत तिने इतक्या नीट सह्या कधी केल्या नसतील, आणि हे आपण शेवटचं करतोय हे तिला कळत होतं, त्यामुळे डोळे भरून येत होते आणि तरी हात थांबत नव्हता.

अधिकाऱ्यांनी दोन्ही कागद खिडकीशी नेऊन एकावर एक धरले. बराच वेळ पाहिले.

"या चाळीस," ते म्हणाले. "एक्केचाळिसावी?"

खोटं बोलायला तिथे जागा होती. तीही मीच घाईत मारली, काही न कळता, असं काहीतरी. वकीलबाई तिच्याकडे टक लावून बघत होती.

"ती माझी सही आहे," सहीताई म्हणाली. "मीच केली, माझ्याच नावापुढे."

निकाल त्याच दुपारी लागला. चाळीस जणांना सूचना मिळालेली नाही. त्यांची कपात थांबली. नवी पत्रं, नवे साठ दिवस, आणि प्रत्येकाने स्वतः वाचून कार्यालयाच्या कारकुनासमोर स्वतः सही करायची. सहीताईचं पत्र वेगळं आलं, दुसऱ्याच दिवशी, अर्ध्या पानाचं. गैरवर्तन, कामावरून कमी. वकीलबाईने तिचा दावा दाखल केला. त्याची तारीख पुढल्या महिन्यातली.

सोमवारी ती कपाटाची किल्ली परत करायला गेली. आत जायची परवानगी नव्हती, पहारेकऱ्याने किल्ली घेतली आणि मान खाली घालून वहीत नोंद केली. मग ती फाटकालगतच्या बाकावर बसली, नणंदेची वाट बघत. फाटकाजवळच्याच कार्यालयात पत्रं वाटणं चाललं होतं. खिडकी उघडी होती. चाळीस जण हात उघडे ठेवून रांगेत उभे होते.

हळूभाऊ धावत बाहेर आला. हळूभाऊ, धावत!

"ताई, माझी सही कशी असते गं?"

"म्हणजे?"

"अगं, मी इथे लागल्यापासून चौदा वर्षं तूच करतेयस. मला आठवत नाहीये. गाठ खाली असते की वर? जुळली नाही तर पुन्हा घोळ करतील."

तिचा अंगठा बोटाला जुळला. बाकाच्या फळीवर पहिलं वेटोळं निघालंसुद्धा. मग तिने मूठ आवळली आणि हात सरळ मांडीखाली घातला.

"ती माझी होती. तुझी तू कर."

"अगं पण..."

"आणि आधी वाच. शेवटच्या ओळीपर्यंत. काय लिहिलंय ते कळायच्या आत पेन उचललंस ना, तर बघ, तंगडं तोडीन!"

तो आत गेला. ती ऐकत राहिली. आत बराच वेळ काही आवाज नाही. मग कारकुनाचा वैतागलेला आवाज आला, "आटपा हो लवकर! मागे केवढी रांग आहे!"

"वाचू दे त्याला!" नणंद रांगेतून कडाडली. "रांग आमची आहे. आम्हाला घाई नाही."

सहीताई बाकावर बसून राहिली. हात मांडीखाली दाबून धरला होता. आत हळूभाऊ अजून वाचत होता.